रुफिनाची हाक

दिरिमा खोऱ्यात माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. डोंगराच्या एका धारेवरून दुसऱ्या धारेवर जायचं म्हणजे आधी नदीपर्यंत उतरायचं आणि मग तेवढंच चढायचं, त्यात अर्धा दिवस मोडतो. म्हणून लोक जातच नाहीत, हाक मारतात. डुक्कर सुटलं, हाक. पाहुणे आले, हाक. कुणी मेलं तर हाक आणि तिच्या मागोमाग रडणं. प्रत्येकाच्या हाकेची चाल वेगळी, आणि ती ज्याची त्यानेच वापरायची. माणूस गेला की त्याची हाकही त्याच्याबरोबर जाते. मग गंमत म्हणूनही कुणी तिची नक्कल करत नाही. मेलेल्याची हाक कानावर पडली तर ऐकणारा ओ देत देत थेट कड्यावरून खाली जातो, असं म्हातारे सांगतात. हसून सांगत नाहीत.

सगळ्या खोऱ्यात रुफिनाची हाक मोठी. रुफिना म्हणजे खाली दोरांच्या पुलाशी असलेल्या दवाखान्याची बाई. मिशनच्या रुग्णालयात आरोग्यसेविकेचं शिक्षण घेऊन आली आणि इथेच म्हातारी झाली. लग्न केलं नाही. अख्खं खोरं तिला मावशी म्हणायचं आणि तिला टरकून असायचं. संध्याकाळी धुकं उतरायच्या आधी ती दवाखान्यामागच्या खडकावर चढायची, दोन्ही हात तोंडाशी धरायची आणि वरच्या वाड्यांना हाक घालायची. उद्या लसी आहेत. कुणाच्या पोराला खोकला आहे? श्वास घेताना छाती आत जात असेल तर मला विचारत बसू नका, पोराला घेऊन खाली याऽऽ!

"सुटलं मावशीचं तोंड," रताळ्याच्या वाफ्यात वाकलेल्या बाया म्हणायच्या, आणि हातातली काठी टाकून पोराची छाती उघडून बघायच्या. शिव्या घालत का होईना, खाली यायच्या.

रुफिनाला पोटचं कुणी नव्हतं, पण एक पोर तिने वाढवलं होतं. तिचा भाऊ सिउने, त्याचा मुलगा बोमाई. त्याची आई बाळंतपणातच गेली. सिउनेला डुकरांपलीकडे काही सांभाळता येत नव्हतं, म्हणून रुफिनाने पोराला आपल्या बिलममध्ये घातलं. बिलम म्हणजे इकडची विणलेली झोळी. बायका ती कपाळावरून पाठीवर सोडतात, तिच्यात रताळीही वाहतात आणि लेकरंही. हे लेकरू झोळीच्या जाळीतून तिच्या पाठीला चावायचं. म्हणून ती त्याला मुंगळ्या म्हणायची. तो शाळेत गेला, मग किनाऱ्याच्या शहरात शिकायला गेला, मग राजधानीत एका मोठ्या संस्थेत नोकरीला लागला, तरी मुंगळ्याच.

एक दिवस तो छोट्या विमानाने आला. पायात पांढरे बूट, हातात चपटी पेटी. विमानाच्या पट्टीवरून येणाऱ्या खिंडीतल्या चिखलाने बुटांची काय दशा झाली ते विचारू नका.

"आत्या, तुझे गुडघे बघ," तो म्हणाला. "घसा बघ. अजून किती दिवस त्या खडकावर चढून बोंबलणार आहेस?"

"तुला काय त्रास होतो? तुझ्या राजधानीत ऐकू येतं की काय?"

"यायला पाहिजे, त्यासाठीच आलोय. तुझा आवाज आम्ही एका यंत्रात घालणार. वरच्या वाड्यांत, मिशनच्या देवळात एकेक फोन टांगायचा. वर छपराला उन्हावर वीज करणारी पाटी. बाईने पोराला फोनसमोर धरायचं. तो पोराचा श्वास मोजतो, छाती बघतो, आणि काय करायचं ते सांगतो. आपल्या बोलीत, तुझ्या आवाजात."

"दुसऱ्या कुणाच्या आवाजात सांगेना का!"

"दुसऱ्या कुणाचं ऐकतात का इथले लोक?"

ते मात्र खरं होतं, आणि खरं सांगायचं तर रुफिनाला ते ऐकून गुदगुल्या झाल्या.

दवाखान्यामागच्या कोठीत बोमाईने भिंतींना घोंगड्या लावल्या, नदीचा आवाज आत येऊ नये म्हणून. तिथे ती रोज दुपारी बसायची आणि त्याच्या पेटीसमोर बोलायची. जुलाब, ताप, खोकला, नाळ कशी कापायची, काय करायचं नाही. ते संपल्यावर तो म्हणाला, आता गोष्टी सांग. मग म्हणाला, गाणी म्हण. मग म्हणाला, रागाव. मग म्हणाला, हस.

"जुलाबाच्या औषधात माझं हसणं कशाला रे घालतोस?"

"सगळे सूर लागतात, आत्या."

शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "मी बोलले तेवढंच बोलेल ना ते?"

भिंतीला खुंटीवर ती जुनी बिलम टांगलेली होती, तिच्या कडा दातांनी कुरतडलेल्या. ज्या झोळीत आपण वाढलो तिच्यावर हात ठेवून दिरिमात कुणी खोटं बोलत नाही. बोमाई उठला, त्याने झोळीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या तोंडचंच बोलेल." तिने आणखी काही विचारलं नाही. विचारायची गरजच काय होती?

फोन टांगले गेले. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं डबडं. आणि डबड्याला नावं ठेवायची म्हटलं तरी पहिले काही महिने त्याने काम चोख केलं. तोराकाई वाडीची एक बाई धावत खाली आली, मावशीने आत्ताच्या आत्ता यायला सांगितलं म्हणून, आणि पोर वाचलं. मग आणखी एक. बाया दारात आल्या की म्हणायच्या, "तूच बोलावलंस ना?" रुफिना म्हणायची, "हो, मीच." तिला हे सगळं आवडत होतं. संध्याकाळी ती खडकावर चढेनाशी झाली. गुडघ्यांना आराम पडला, घसा मोकळा झाला, आणि वर तिचा आवाज तिच्याशिवाय काम करत राहिला.

मग एका सकाळी तोराकाईचे लोक खाली उतरले आणि आधी हाक आली नाही. इथे हाक न मारता कुणी कुणाच्या दारात येत नाही. रुफिना बाहेर आली तर अंगणात माणसं बसलेली, तोंडाला पिवळी माती फासलेली. ही सुतकाची माती. मध्यभागी म्हातारा कावागे, त्या कुळाचा मोठा माणूस. त्याच्या शेजारी त्याची नातसून निमे, रिकाम्या झोळीची दोरी अजून कपाळावर.

"कोण गेलं?" रुफिनाने विचारलं.

"तुला माहीत नाही?" कावागे म्हणाला. "आमचं लेकरू तुझ्या शब्दावर घरी राहिलं, रुफिना. तुझ्या शब्दावर मेलं."

"माझ्या? मी तर या पोरीला मागच्या बाजारानंतर पाहिलंही नाही!"

निमेने मान वर केली. रडून रडून तिचा घसा बसला होता. "मावशी, असं नको ना बोलू. मी त्याला डबड्यासमोर धरलं. तू म्हणालीस, श्वास जरा जोरात आहे, पण आज घरीच ठेव, दूध पाजत राहा, उद्या परत दाखव. मला पटेना. त्याची छाती आत जात होती, मावशी. ती कशी दिसते ते तूच मला दाखवलंस, थोरल्याच्या वेळी. म्हणून मी विचारलं, मावशी, तू ऐकतेयस ना? तू म्हणालीस, हो, मी ऐकतेय. मी म्हटलं, मग उचलून खाली येऊ का? तू म्हणालीस, घाबरू नकोस, घरी ठेव."

मग ती अगदी हळू म्हणाली, "दुसरं कुणी सांगितलं असतं ना, तर मी निघालेच असते."

रुफिना खाली बसली. आयुष्यात तिने हजार गोष्टी सांगितल्या असतील, पण छाती आत जाणाऱ्या पोराला घरी ठेव, हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. आणि ही पोर काही खोटं बोलत नव्हती.

"ती मी नव्हते," ती म्हणाली. तिलाच ते पोकळ वाटलं. इतके महिने, पोरं वाचत होती तेव्हा, मीच म्हणून कोण सांगत होतं?

"मग कोण होतं?" कावागेने विचारलं. "डबड्याला कूळ नाही. त्याला भाऊ नाही, डुकरं नाहीत, त्याच्या दारात जाऊन बसावं तर त्याला दार नाही. तोंड तुझं आहे, तर बोलणंही तुझंच. तुझ्या कुळाने भरपाई द्यावी, म्हणजे आपल्यात वैर राहणार नाही."

भरपाई म्हणजे डुकरं, आणि कूळ म्हणजे सिउने. तो कुंपणाला टेकून उभा होता. "सांगत होतो, घोंगड्यांच्या खोलीत बसून भिंतीशी बोलू नकोस," तो पुटपुटला. "आता तुझ्या तोंडापायी माझा गोठा रिकामा. आणि त्या दीडशहाण्याला आधी बोलवा!"

दीडशहाण्याला निरोप गेला. पुढच्या विमानाने बोमाई आला. पुलाशेजारच्या सपाटीवर दोन्ही कुळं समोरासमोर बसली, मधे निमे आणि तिचा नवरा. रुफिनाने बोमाईकडे पाहिलं, तेव्हा तिला धीर आला. आला आपला पोर, आता हा सांगेल सगळ्यांना. असंच तिला वाटलं.

बोमाईने घसा खाकरला. "मला फार वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण आत्याचा यात काही दोष नाही. ती आत्या नाहीच. ते यंत्र आहे. आवाज फक्त तिचा. तुम्हीच ऐका." त्याने खिशातून फोन काढला, वर धरला आणि विचारलं, "तू कोण आहेस?"

फोन बोलला. तोच जरासा घोगरा, चढा, सगळ्यांच्या कानातला आवाज.

"मी रुफिना नाही. मी फक्त एक मदतनीस आहे. माझ्या सल्ल्याची जबाबदारी माझ्यावर नाही. काहीही ठरवण्याआधी आरोग्यसेविकेला भेटा."

मग मागे बसलेली एक म्हातारी फिसकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात घेतला. "ऐकलंत?" कावागे म्हणाला. "स्वतःच्याच तोंडाने सांगतेय, मी ती नाही म्हणून. असं तर चोरसुद्धा बोलत नाही."

"हे मी बोलले नव्हते," रुफिना बोमाईला म्हणाली. "त्या खोलीत मी हे बोलले नव्हते."

"नाही, आत्या. ते तुझ्या आवाजातून तयार होतं. पाहिजे ते वाक्य बनवता येतं."

"पाहिजे ते? कुणाला पाहिजे ते?"

बोमाईने फोन खिशात घातला.

"आणि घरी ठेव? तेही बनवलेलं?"

"आत्या, तू समजून घे. सुरुवातीला ते तू सांगितलंस तसंच सांगत होतं. पण फार लोक खाली यायला लागले. सगळ्या खोऱ्यांत. औषधं संपायला लागली, विमानं पुरेनात. साहेब लोक म्हणाले, यंत्र जरा जास्तच घाबरतंय. म्हणून खाली पाठवायचं माप थोडं घट्ट केलं. बरीच पोरं घरीच बरी होतात, हिशेबाने ते बरोबर होतं—"

"तुला माहीत होतं?"

बोमाईने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"मुंगळ्या, मी विचारतेय. घट्ट केलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"मी कळवणार होतो."

"कधी?"

"तुला वाईट वाटलं असतं, आत्या. तू म्हणाली असतीस, माझा आवाज काढून घ्या. मग सगळंच बंद पडलं असतं."

"तू झोळीवर हात ठेवला होतास," रुफिना म्हणाली.

पोर मेल्याचं दुःख होतंच, त्याची तिला सवय होती असं नाही, पण ते दुःख तिला ओळखीचं होतं. हे नव्हतं. साहेब लोकांनी फसवलं असतं तर तिने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि कामाला लागली असती. पण ज्याला पाठीवर वागवलं त्याने तिचं तोंड उचलून नेलं, त्यात दुसऱ्यांचे शब्द भरले, ते तिच्याच माणसांच्या दारात टांगलं, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तिला सांगितलं नाही. तिला इतका संताप आला की डोळ्यांसमोरची माणसं दिसेनात.

सिउने उठला. गयावया करत म्हणाला, "चला, झालं ते झालं. डुकरं बघून घ्या, आजच न्या. आपण शेजारी आहोत."

कावागेने मान डोलावली. डुकरं जातील, खड्ड्यात तापलेल्या दगडांवर भाजली जातील, दोन्ही कुळं एकत्र बसून खातील, वैर मिटेल. असंच मिटतं. आणि वर देवळात डबडं टांगलेलंच राहील, उद्या दुसरी कुणी त्याच्यासमोर पोर धरेल आणि विचारेल, मावशी, ऐकतेयस ना? रुफिनाला ते लख्ख दिसलं.

"डुकरं नकोत," ती म्हणाली. "डुकरं खाल आणि विसराल. ज्याने नुकसान केलं तेच घ्या. मी माझी हाक देते."

"काय देतेस?"

"माझी हाक. माझा आवाज. त्या लेकराबरोबर पुरा. आजपासून रुफिनाची हाक मेलेली. ती कुणी ऐकायची नाही, कुठूनही आली तरी."

सपाटीवर एकच गलका झाला. सिउने तिच्या अंगावर धावून आला. "वेड लागलं तुला? मग तू बोलशील कशी?"

"बोलणार नाही."

"आत्या, असं करू नकोस," बोमाई रडकुंडीला आला. "आवाज आम्ही बदलू. दुसऱ्या कुणा बाईचा घेऊ."

"दुसऱ्या कुणाचा? तिला कुठल्या झोळीवर हात ठेवून दाखवणार आहेस?"

ती निमेजवळ गेली. निमेच्या गालावरची ओली माती तिने बोटाने काढली आणि स्वतःच्या ओठांवर फासली. मग गुडघे धरत धरत त्या खडकावर चढली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि शेवटची हाक घातली. इथे कुणी गेलं की त्याचे नातेवाईक जी हाक घालतात तीच, पण स्वतःच्या चालीत.

"रुफिना गेलीऽऽ!"

वरच्या एका धारेवरून रडणं सुरू झालं, मग दुसऱ्या, मग सगळ्या. ती खाली उतरली तेव्हा कावागेचे डोळे ओले होते. "फेडलंस," तो म्हणाला. "जास्तच फेडलंस."

त्याच आठवड्यात डबडी पोत्यात भरून विमानाच्या पट्टीवर आणून टाकली गेली. मेलेल्या बाईचा आवाज देवळात कोण ठेवणार?

त्यानंतर दवाखाना चालू होता, पण जेमतेम. रुफिना हातांनी बोलायची. दारावर टकटक म्हणजे आत या, बोट वर म्हणजे थांबा, पाठीवर थाप म्हणजे जा, बरं होईल. जवळच्या वाड्यांतल्या बाया यायच्या. वरच्या कमी झाल्या. संध्याकाळची हाक नाही, मग कुणाला आठवण राहणार? तिचे स्वतःचे हात संध्याकाळ झाली की तोंडाशी जायचे, ती ते खाली घ्यायची. निमे अधूनमधून खाली उतरायची. येताना रताळी आणायची, उंबऱ्याशी बसून सोलायची, आणि न बोलता परत जायची. तिनेही त्या दिवसानंतर कुणाला हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती.

असा मोसम बदलला, कॉफीची फळं लाल झाली. एका सकाळी बाकावर चार-पाच बाया बसल्या होत्या. वरच्या वाडीची डिलू आत होती, तिच्या मांडीवर तान्हं. रुफिनाने दुपटं उघडलं आणि बघितलं. श्वासागणिक छाती आत जात होती. तिने डिलूचा खांदा दाबून तिला बसून राहायची खूण केली आणि कपाटाकडे वळून सुईत औषध भरायला घेतलं.

तेवढ्यात दारात बोमाई.

बूट नव्हते. गालफडं बसलेली. "आत्या," तो म्हणाला आणि आत आला. "मी नोकरी सोडली." रुफिना औषध भरत राहिली. "मला झोप लागत नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तू तरी एक शब्द बोल. शिवी दे. मुंगळ्या म्हण, आणि हाकलून दे. पण बोल."

तिने सुई उजेडाकडे धरली, बुडबुडा काढला. त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला त्याची कीव येत होती आणि त्या किवेचाच राग येत होता.

"बरं," तो म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला. तिला वाटलं काही दाखवतोय. त्याने बोटाने काहीतरी केलं, आणि दवाखान्यात तिचा आवाज बोलला. मऊ, मायेचा, ती घोंगड्यांच्या खोलीत त्याच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची तसा.

"बोमाई, बाळा, झालं ते झालं. मी तुला माफ केलं."

बोमाई ओंजळीत तोंड धरून ढसाढसा रडायला लागला.

रुफिना सुई हातात धरून उभी राहिली. तिने याला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. पोर गेलं, हाक गेली, आणि तिच्याजवळ एकच गोष्ट उरली होती, माफी, द्यायची की नाही ते तिचं तिने ठरवायचं अशी. तीही याने तिच्याच तोंडून, तिच्यासमोर, तिला न विचारता घेऊन टाकली होती.

मागे काहीतरी आपटलं. तिने वळून पाहिलं तर बाक उलटलेला. मेलेल्या बाईची हाक ऐकली म्हणून बाया पोरांच्या कानांवर तळवे दाबून पळत सुटल्या होत्या. डिलूची जागाही रिकामी होती.

"थांबा!" बोमाई दाराकडे धावला. "अहो थांबा! तसं काही नाही! ते यंत्र आहे!" पण शहरात राहून त्याची हाक राहिली नव्हती. आवाज नदीच्या पलीकडेही पोचला नाही. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

रुफिनाने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि ती बाहेर पडली. तिला फक्त एक हाक मारायची होती. डिलू, पोराला घेऊन खाली ये. पन्नास वर्षं मारली तीच. ती आता तिच्या तोंडून आली असती तर डिलू कड्यावरून पडेपर्यंत पळत सुटली असती. तेव्हा रुफिनाने एका हातात सुई उंच धरली, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला आणि चढ चढायला सुरुवात केली. डिलू तरणी होती. तिचं लाल लुगडं सुरूच्या झाडांतून वर वर जात होतं, आणि प्रत्येक वळणावर लांब जात होतं. रुफिना रडत होती आणि तोंड घट्ट मिटून चढत होती.

तेव्हा वरच्या धारेवरून हाक आली.

घसा बसलेला, फाटका, मधेच तुटणारा बाईचा आवाज. रताळ्याच्या वाफ्यातून कुणीतरी पळणाऱ्या बाया पाहिल्या होत्या, आणि त्यांच्यामागे हातात सुई धरून लंगडत येणारी म्हातारी पाहिली होती. तिला काय समजायचं ते समजलं होतं.

"डिलूऽऽ! छाती आत जातेय ना? मग पळतेस कुठे? पोराला घेऊन खाली जाऽऽ!"

निमेची हाक. चाल तिची स्वतःची, शब्द सगळे रुफिनाचे.

लाल लुगडं थांबलं. बराच वेळ ते झाडांत तसंच उभं राहिलं. मग हळूहळू खाली येऊ लागलं.

दोघी वळणावर भेटल्या. रुफिनाने तिथेच वाटेवर बसून लेकराच्या मांडीत सुई दिली, आणि डिलूच्या पाठीवर थाप मारली. खाली पुलाशी बोमाई उभा होता, हातात फोन. तो अजून काही बोलत होता की काय, ते इतक्या वरून ऐकू येत नव्हतं.